पिसं ओढणारी पाच नंबर: परसातल्या खुराड्याच्या नोंदी

कळप १४ कोंबड्या आणि १ कोंबड्याचा. नंबर १ ते ६ आर.आय.आर. (ऱ्होड आयलंड रेड), ७ ते ११ गावरान, १२ ते १४ पांढऱ्या लेगहॉर्न. कोंबडा गावरान. सगळ्यांचं वय १३ महिन्यांच्या आसपास. खुराडं ८ × ६ फूट, पुढे जाळीचं अंगण २० × १२ फूट. ठिकाण मिरज तालुका.

नोंदींमध्ये दोन शब्द मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. ‘टोच’ म्हणजे डोक्यावर किंवा तुऱ्यावर मारलेली चोच, दरारा बसवण्यासाठी. ‘ओढ’ म्हणजे दुसरीचं पीस चोचीत धरून ओढणं, मग ते उपटलं जावो न जावो. दोन्हींची कारणं वेगळी, उपायही वेगळे. दोन्ही एकाच खात्यात टाकली की चुकीची कोंबडी पकडली जाते.

पिसांना गुण: ० म्हणजे पूर्ण पिसारा, १ म्हणजे विस्कटलेली किंवा तुटकी पिसं, २ म्हणजे ५ सेंटिमीटरपेक्षा लहान उघडा भाग, ३ म्हणजे त्याहून मोठा किंवा जखम. मान, पाठ, शेपटीचं मूळ, गुदद्वार, पंख अशा पाच जागा. एका कोंबडीचे जास्तीत जास्त १५.

८ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

१२, १३ आणि ७ नंबरच्या शेपटीच्या मुळाशी उघडी कातडी. १३ ला दोन सेंटिमीटरची ताजी जखम. पांढऱ्या पिसांवर रक्त लांबून दिसतं म्हणून ती आधी नजरेत आली. ७ ची अवस्था तितकीच वाईट आहे, फक्त करड्या रंगात लपली होती. गुण: १३ ला ७, १२ ला ५, ७ ला ५. बाकीच्या ० ते २.

लिटर, म्हणजे खुराड्यात अंथरलेलं तूस, उलथून पाहिलं. एवढी पिसं गेली, पण तुसात जेमतेम चार-पाच सापडली. एरवी कुठल्याही खुराड्यात बारीक पिसं पडलेली असतातच. कोंबड्या उघड्या आणि जमीन स्वच्छ, याचा अर्थ कोणीतरी पिसं खातंय. रात्री बसायच्या दांडीखालच्या शिटीत पिसांचे तंतूही दिसले.

दुसऱ्या शक्यता तपासल्या. पिसं झडण्याचा हंगाम सुरू आहे, पण झड डोकं, मान, छाती, पाठ या क्रमाने आणि दोन्ही बाजूंनी सारखी होते, मागोमाग नव्या पिसांचे खुंट दिसतात. १० नंबरची तशी झड चालू आहे, तिचं वेगळं. कोंबड्याने चढताना केलेलं नुकसान पाठीच्या मध्यावर आणि डोक्यामागे असतं. खुडूक (उबवायला बसलेली) कोंबडी स्वतःचीच छातीची पिसं काढते. शेपटीच्या मुळाशी गोल टक्कल आणि कडेला तुटके देठ, हे या तिन्हींत बसत नाही.

१३ ची जखम तेलग्रंथीच्या अगदी शेजारी आहे. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला असलेलं ते छोटं टेंगूळ गळू समजून दाबायचं किंवा कापायचं नाही. पिसारा नीटनेटका ठेवायचं तेल तिथूनच येतं.

९ ऑक्टोबर

रात्री साडेनऊला बॅटरी घेऊन उवा-गोचीड तपासणी. हे काम रात्रीच करायचं. तांबडे कीटक दिवसा फटीत लपतात आणि अंधारात अंगावर चढतात, त्यामुळे दिवसा पाहणाऱ्याला खुराडं निर्मळ वाटतं. दांडीखाली पांढरा कागद धरून दांडी ठोकली, टोकांच्या खाचा सुरीने खरवडल्या. कागदावर काही हललं नाही. गुदद्वाराभोवतीची पिसं फुंकर मारून बाजूला केली तेव्हा ४ आणि ११ वर पिवळसर उवा पळताना दिसल्या, ११ च्या पिसांच्या मुळाशी लिखांचे पुंजके. प्रमाण कमी.

पशुवैद्यकांनी दिलेली पावडर सगळ्यांना पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती चोळली, १३ च्या जखमेपासून दूर ठेवून. अंडी किती दिवस वर्ज्य ते डब्यावर असतं, तेवढे दिवस बाजूला काढायची. लिखांवर पावडर चालत नाही, म्हणून दहा दिवसांनी दुसरा हात.

उवांमुळे खाज येते आणि कोंबडी स्वतःला टोचते. पण तीन कोंबड्यांची टक्कलं एवढ्याशा उवांनी पडणार नाहीत. शोध चालू.

११ ऑक्टोबर

नंबरी रंगीत कड्या पायात आहेतच. काल आणि आज निरीक्षण, दिवसाला तीन वेळा वीस-वीस मिनिटं: सकाळी ७, दुपारी १२.३०, संध्याकाळी ४.३०. माणूस दिसला की कोंबड्या खाण्याच्या आशेने जाळीशी गोळा होतात, त्यामुळे बसल्यावर पहिली दहा मिनिटं मोजायची नाहीत.

दोन दिवसांची बेरीज अशी. २ नंबरने २३ टोचा मारल्या, सगळ्या डोक्यावर आणि जवळपास सगळ्या खाद्याच्या भांड्यापाशी. ओढ शून्य. आरडाओरडा तिचाच, त्यामुळे आठवडाभर संशय तिच्यावरच होता. ५ नंबरने १७ ओढी काढल्या, ११ पिसं उपटली आणि अकराच्या अकरा गिळली. टोचा फक्त दोन. ती गडबड करतच नाही. मागून येते, दुसरी मातीत अंघोळ करत असली किंवा अंगणाच्या कोपऱ्यात टेकलेली असली की शेपटीच्या मुळाशी एकच झटका. १७ पैकी १२ ओढी साडेचारच्या पाळीत. ८ नंबरने ३ ओढी, १४ ने १. म्हणजे बघून शिकणं सुरू झालंय, आणि घाई करण्याचं कारण हेच.

५ चा स्वतःचा पिसारा: गुण ०. चकचकीत. कळपात एकटीच नवी नवरीसारखी दिसत असेल तर पहिली नजर तिच्यावर ठेवावी.

१२ ऑक्टोबर

५ ला वेगळं काढलं. पिंजरा ३ × २ × २ फूट, तळाला तूस, आत एक विटेएवढ्या उंचीची दांडी, खाद्य-पाणी स्वतंत्र. पिंजरा घराच्या मागे, कळप दिसणार नाही असा. उद्देश दोन: ओढायला पिसंच मिळू नयेत, आणि ती नसताना कोणाचा दरारा कोणावर ही उतरंड नव्याने लागून परत आल्यावर तिला खालची पायरी मिळावी.

साधारणपणे लोक जखमीला बाजूला काढतात आणि ओढणारीला मोकळी ठेवतात. मग ओढणारी दुसरी शोधते, आणि जखमी परत आली की उतरंडीत सगळ्यात खाली जाऊन आणखी मार खाते. १३ ची जखम वाहती असल्याने तिलाही काही दिवस वेगळं ठेवणं भाग होतं. पण तिचा पिंजरा अंगणातच, मध्ये फक्त जाळी, म्हणजे ओळख तुटत नाही.

जखमेचं काम: अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट छोटा चमचा मीठ, त्या पाण्याने धुतलं, कापडाने टिपलं. पोव्हिडोन आयोडिन पाण्यात मिसळून कोऱ्या चहाच्या रंगाचं केलं आणि लावलं, दिवसातून दोनदा. हळद-खोबरेल लावायची आपल्याकडे सवय आहे, पण पिवळ्याधमक ठिपक्याकडे बाकीच्यांचं लक्ष जातं आणि तेलाने आजूबाजूची पिसं चिकटून कातडी आणखी उघडी पडते. परतीचा पाऊस आणि माश्या असताना दिवसातून एकदा जखम नाकाजवळ आणून वास घ्यायचा. आंबूस वास आला की आत अळ्या शोधायच्या. ताज्या जखमेत एका दिवसात अळ्या पडतात.

१३ ऑक्टोबर

खाद्याचा हिशेब. खरं दुखणं इथे निघालं.

ऑगस्टपासून लेअर मॅशमध्ये (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार भरड खाद्य) निम्मा मका भरडा मिसळणं चालू होतं. पैसे वाचतात, कोंबड्यांनाही मका आवडतो. मॅशच्या पोत्यावर प्रथिनं १७ टक्के. मक्यात साधारण ९. निम्मं-निम्मं केलं की १३. कोंबडी दिवसाला ११५ ग्रॅम खाते असं धरलं तर मिळायला हवीत साडेएकोणीस ग्रॅम प्रथिनं, मिळत होती पंधरा.

पण नुसत्या प्रथिनांपेक्षा त्यातलं मिथिओनिन हे अमिनो आम्ल महत्त्वाचं. पीस म्हणजे जवळपास सगळं केराटिन हे प्रथिन, आणि केराटिनला गंधक असलेली अमिनो आम्लं लागतात. मॅशमध्ये मिथिओनिन ०.३८ टक्क्यांच्या आसपास, मक्यात ०.१८. मिश्रणात उरलं ०.२८. मिठातल्या सोडियमचं प्रमाण तर मका मिसळला की थेट निम्मं होतं, कारण मक्यात ते नसल्यातच जमा. या दोन्हींच्या तुटवड्यात कोंबड्या पिसं आणि रक्त यांच्या चवीकडे वळतात.

मग हे दोन महिने कळलं कसं नाही? शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत सतत ठेवलेला होता. त्यामुळे अंड्यांची कवचं घट्ट राहिली आणि खाद्य ठीक आहे असं वाटलं. अंडी मात्र दिवसाला १० वरून ७ वर आली होती, तो दोष झडीच्या माथी मारला गेला.

बदल: मॅश निखळ. १५ पक्ष्यांना १७०० ग्रॅम, सकाळी ११०० आणि दुपारी तीनला ६००. मका रोज १५० ग्रॅम, तोही भांड्यात नाही तर संध्याकाळी तुसात विखरून. एकदम बदललं तर काही कोंबड्या मका शोधत मॅश उडवतात, म्हणून चार दिवसांत हळूहळू.

दोन आठवडे जोडीला सुकट, पक्ष्यामागे ५ ग्रॅम. दोनदा पाण्यातून काढून, वाळवून, कुटून. याहून जास्त दिली की अंड्याला वास येतो. सुकट नको असेल तर तिळाची पेंड चालते, तिच्यात मिथिओनिन बरं असतं. प्रथिनं वाढवायला शेंगदाण्याची पेंड घालायचा सल्ला सर्रास मिळतो. प्रथिनं तिच्यात भरपूर, पण मिथिओनिन कमी, आणि दमट हवेत बुरशी धरते. या कामाला ती उपयोगी नाही.

पिण्याच्या पाण्यात मीठ घालायचा जुना तोडगाही आहे. केला नाही. निखळ मॅशने मिठाची भरपाई होते, आणि पाण्यातलं प्रमाण चुकलं तर कोंबड्या मरतात.

१६ ऑक्टोबर

परतीचा पाऊस. तीन दिवस कळप दिवसभर आत. ४८ चौरस फुटांत १५ पक्षी म्हणजे डोक्यामागे ३.२ चौरस फूट. रात्री झोपण्यापुरतं पुरतं, दिवसभर कोंडायचं तर ४ च्या खाली जाऊ नये. आता ५ आणि १३ बाहेर असल्याने १३ पक्षी आहेत आणि आकडा ३.७ वर आहे, म्हणून निभावतंय.

ओढणं हे मुळात उकरणं आहे, चुकीच्या जागी गेलेलं. उकरायला काही नसलं की चोच समोरच्या पिसाकडे जाते. म्हणून उकरायला दिलं. तूस चार इंच केलं, पाण्याच्या भांड्याखालचं ओलं पाटीभर काढून टाकलं, कारण ओलं तूस थापट होतं आणि कोंबडी ते उकरत नाही, वर अमोनियाने डोळे चुरचुरतात. भुईमुगाची टरफलं वापरणार असाल तर कडक उन्हात वाळवलेलीच.

कोबीचा गड्डा टांगला, आणि तासाभरात दोन चुका कळल्या. एकच गड्डा होता, २ नंबरने ताबा घेतला आणि टोचा उलट वाढल्या. आता तीन ठिकाणी तीन जुड्या: लसूणघास, शेवग्याचा पाला, मेथीच्या काड्या. उंची कोंबडीच्या डोक्याच्या जरा वर, म्हणजे मान ताणावी लागते. दुसरी चूक प्लॅस्टिकच्या सुतळीची. तिचे धागे सुटतात, कोंबडी ते गिळते आणि पोटा (गळ्याखालची अन्नाची पिशवी) तुंबून बसतो. तारेचा आकडा केला. लसूणघास जमिनीवर टाकायचा तर इंच-दीड इंच कापून टाकायचा, लांब काड्यांनीही पोटा बसतो.

वाळवीचं मडकंही लावलं, गावाकडची जुनी युक्ती: मडक्यात सुकं शेण, कडबा, फाटकं गोणपाट, थोडं पाणी, आणि वारुळाजवळ उपडं. दुसऱ्या दिवशी आत वाळवी चढलेली असते. रिकामं करताना अंगणात चार जागी झटकायचं, एका जागी नाही. पावसात पहिलं मडकं कोरं निघालं, मातीच ओली होती.

१८ ऑक्टोबर

सुतारकाम. खालची दांडी १५ इंचांवर होती. जमिनीवर उभ्या कोंबडीचं डोकं आणि दांडीवर बसलेलीचं गुदद्वार एका रेषेत येत होतं. दोन्ही दांड्या अडीच फुटांवर एका पातळीत घेतल्या. वर-खाली ठेवल्या की वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी भांडण. दांड्यांमध्ये १४ इंच अंतर, प्रत्येकी ५ फूट, म्हणजे पक्ष्यामागे ८ इंच. वजनदार आर.आय.आर. साठी मध्ये एक फळी पायरी म्हणून.

अंडी घालायच्या खोक्यांवर साडेचारचं ऊन थेट पडत होतं. अंडं टाकल्यावर काही क्षण गुदद्वाराचा ओला लाल भाग बाहेर दिसतो. उजेडात तो चमकतो आणि मागची कोंबडी टोचते. इथून सुरू झालेलं प्रकरण आतडी ओढण्यापर्यंत जातं. खोक्यांच्या तोंडाला गोणपाटाचा पडदा, मध्ये चीर पाडून. पहिल्या दिवशी दोघींनी बाहेर अंडी घातली, पडदा अर्धा गुंडाळला, मग तीन दिवसांत हळूहळू खाली सोडला.

दुसरं खाद्याचं भांडं पहिल्यापासून सहा फुटांवर, आणि मध्ये अडीच फूट उंचीचं प्लायवूड उभं. आड नसेल तर २ नंबर दोन्ही भांड्यांवर राज्य करते. आड झाल्यावर तिच्या टोचा पाळीमागे चारवरून एकावर.

१९ ऑक्टोबर

उवांच्या पावडरीचा दुसरा हात. ११ च्या लिखा रिकाम्या. १३ कालच्या संध्याकाळपासून कळपात, जखमेवर खपली.

अंघोळीचं खोकं भरलं: २ × २ फूट, १० इंच खोल, निम्मी नदीची वाळू, बाकी चाळलेली माती आणि चुलीतली राख. वर पत्रा. भिजलेली राख त्वचेला लागते, पाऊस आत आला तर सगळं बदलायचं.

२० ऑक्टोबर

५ ला सोडलं, आठ दिवसांनी. वेळ दुपारी तीन, सगळ्या अंगणात असताना आणि पाला नुकताच टांगलेला असताना. रात्री गुपचूप दांडीवर बसवायची पद्धत नव्या पक्ष्यांसाठी बरी, पण इथे पुढचे दोन तास नजर हवी होती. २ आणि १ ने लगेच तुऱ्यावर टोचून तिला कोपऱ्यात घातली. रक्त नाही, पाठलाग थांबला, म्हणून मध्ये पडलं नाही. ओढ शून्य.

२४ ऑक्टोबर

५ च्या साडेचारच्या पाळीतल्या ओढी: २१ ला ०, २२ ला २, २३ ला ४, आज ७. उतरंडीतली पायरी खाली गेली, तरी सवय सुटली नाही. वर बसणारी कोंबडीच पिसं ओढते हा समज इथे मोडीत निघतो. वरच्यांना ती हात लावत नाही, एवढंच.

बाकी सगळ्यांच्या मिळून ओढी एक-दोन. म्हणजे खाद्य आणि जागेच्या बदलाने कळप सावरला, आणि उरली आहे ती एकटीची जुनी खोड.

२५ ऑक्टोबर

५ च्या चोचीचं टोक बोथट केलं. हे चोच कापणं नव्हे. व्यावसायिक लेअर पक्ष्यांची चोच लहानपणीच गरम पात्याने कापतात. परसातल्या मोठ्या कोंबडीला ती शिक्षा देऊ नये, तिला चरायला, पिसं साफ करायला चोच लागते, आणि मोठेपणी कापलं की वेदना टिकून राहतात.

पद्धत: एकाने कोंबडी टॉवेलात गुंडाळून कुशीत धरायची, दुसऱ्याने चोच मिटलेली धरून नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या. वरच्या चोचीचं खालच्या चोचीपुढे आलेलं टोक, एक ते दीड मिलिमीटर, नखं घासायच्या कानसेने समोरून घासायचं. दर दहा-बारा घासांनी थांबून पाहायचं. मेलेला भाग कोरडा, पांढुरका दिसतो. गुलाबी छटा दिसली की थांबा, तिथे रक्त आणि नसा आहेत. आर.आय.आर. ची चोच गडद असल्याने छटा उशिरा कळते, म्हणून हात आखडता. कडा तिरक्या राहिल्या तर नवी धार होते, शेवटी गोलाई द्यायची. टोक तीन-चार आठवड्यांत परत येतं.

२७ ऑक्टोबर

५ च्या ओढी १० वरून ६, उपटलेली पिसं मात्र फक्त १. पकड सुटते. तरीही ज्यांच्या अंगावर नवे खुंट फुटणार आहेत त्यांना हे पुरणार नाही. कोवळा खुंट रक्ताने भरलेला असतो, बोथट चोचीनेही फुटतो.

२८ ऑक्टोबर

५ ला चष्मा लावला. पोल्ट्री साहित्याच्या दुकानात प्लॅस्टिकचे मिळतात, दोन प्रकारचे. एकात नाकाच्या पडद्यातून आरपार पिन जाते. तो घ्यायचा नाही. बिनपिनेच्या चष्म्याची दोन टोकं नाकपुड्यांत नुसती टेकतात. कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवून मऊ केला, पक्कडीने टोकं फाकवून बसवला. जास्त फाकवला तर सैल राहून पडतो, कमी फाकवला तर आतलं अस्तर सोलतं. बसल्यावर जरा हलला पाहिजे आणि श्वासाचा आवाज येता कामा नये.

कोंबडीला बाजूचं आणि खालचं दिसतं, समोरचं नाही. नेम धरता येत नाही म्हणून ओढ थांबते. पहिला तासभर ती उलटी चालली, मान झटकत राहिली. खाद्याच्या भांड्यात मॅशचा थर दोन इंचांपेक्षा कमी ठेवायचा नाही, कारण तळाशी विखुरलेले कण तिला टिपता येत नाहीत. पाण्यात चोच दोनदा बुडवून दाखवली. रात्री दांडी सापडली नाही, हाताने बसवली. तिसऱ्या दिवशी स्वतः चढली. चष्मा असेपर्यंत तिला अंगणाच्या जाळीबाहेर सोडायचं नाही, समोरून आलेलं मुंगूस तिला कळणार नाही. नाकपुड्या रोज पाहायच्या.

ओढी: संध्याकाळपर्यंत ०.

२ नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन. फटाके रात्री साडेअकरापर्यंत. खुराड्याच्या रस्त्याकडच्या बाजूला दुहेरी गोणपाट होतं, तरी सकाळी कळप बिथरलेला. अंडी ५. कळप घाबरला की जुन्या खोडी वर येतात: ८ नंबरने सकाळच्या पाळीत ४ ओढी. तिला लगेच तीन दिवस वेगळं, त्याच पिंजऱ्यात.

९ नोव्हेंबर

८ ला ५ तारखेला सोडलं, तेव्हापासून ओढ शून्य. ५ ला आठ दिवस ठेवून जे झालं नाही ते ८ ला तीन दिवसांत झालं, कारण तिची सवय महिन्याचीही नव्हती. वेगळं काढणं पहिल्या आठवड्यात करायचं औषध आहे.

१३ आणि ७ ला शेपटीच्या मुळाशी निळसर खुंट. १२ ला कमी, कारण तिची बरीच पिसं उपटलेली नसून मध्येच तुटलेली आहेत. मुळासकट निघालेल्या पिसाच्या जागी सहा ते आठ आठवड्यांत नवं येतं, तुटकं पीस पुढच्या झडीपर्यंत तसंच राहतं. तिचा गुण डिसेंबरात सुधारला नाही तर उपाय फसला असं समजायचं नाही.

कोंबड्याची नखं कानसेने घासली. पाठीची पिसं त्याच्यामुळे जातात, तो हिशेब वेगळा.

२४ नोव्हेंबर

गुण: १३ ला २, ७ ला १, १२ ला ४. अंडी दिवसाला ९, म्हणजे १० नंबर झडीतून सावरून परत घालायला लागली आहे. लिटरमध्ये पुन्हा बारीक पिसं पडलेली दिसू लागली, आणि ती तिथेच पडून राहतात.

५ चा चष्मा काढला. नाकपुडीत किंचित वळ, जखम नाही.

२८ नोव्हेंबर

ओढी: ०, ०, १, ३. तिसऱ्या दिवशीची १३ च्या नव्या खुंटावर, रक्ताचा थेंब. चष्मा परत. १३ चा पिसारा पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत, तो राहील.

८ डिसेंबर

९ नंबर खुडूक बसली आहे. पिसं ओढण्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक आहे, म्हणून ५ ची अंडी उबवायची नाहीत. तिचं अंडं ओळखायचा मार्ग नाही, सहाही आर.आय.आर. ची अंडी तपकिरी. तेव्हा ९ च्या खाली एकही तपकिरी अंडं ठेवलेलं नाही. ११ अंडी, सगळी गावरान, पाच दिवसांत गोळा केलेली, टोक खाली करून माठाजवळच्या गारव्यात ठेवलेली. आत जीव धरला का ते आठव्या रात्री बॅटरीवर धरून पाहायचं.